दहाचा पाना

भिशी लागली, नऊ हजार.
वडाळा नाक्यावर गाळा घेतला होता, आत फक्त
एक जॅक, तोही तेल गाळणारा,
आणि आधीच्या भाडेकरूचे भिंतीतले खिळे.

भद्रकालीत सैफीभाईंनी काउंटरवर तीन सेट मांडले.
पहिला तीनशे ऐंशीचा, आरशासारखा;
त्यात माझी मिशीसुद्धा दिसली.
दुसरा अकराशेचा, मळकट राखाडी, जालंधरचा.
तिसरा मखमलीत झोपलेला. त्याची किंमत
तोंडाने सांगितली नाही,
कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला.

नरहरअण्णांनी काहीच वाचलं नसतं,
ना शिक्का, ना क्रोम व्हॅनेडियम.
तांबट गल्लीतला माणूस, आजा-पणजा घागरी ठोकत गेलेले;
पाना दोन बोटांत लोंबता धरायचे
आणि नखानं टिचकी.
नाद लांबला तर ठेव.
'टप' म्हणाला तर परत कर.

मी टिचकी मारली.
आरसा 'टप' म्हणाला.
राखाडीचं नीट कळलं नाही,
डोक्यावर पंखा खडखडत होता, बाहेर रिक्षा.
तरी तोच घेतला,
कारण ती डिझेलची इंडिका आठवली
आणि तिच्या मॅनिफोल्डचा गंजका बोल्ट:
तीस रुपयांचा पाना तोंड फाकवून घसरला,
बोल्टाचं डोकं लाडवासारखं गोल,
माझ्या मधल्या बोटाचं कातडं रेडिएटरवर.
अण्णा फडकं फेकत म्हणाले,
अर्ध्या तासाचं काम होतं, आता रात्र गेली.
स्वस्त पाना दुकानात पैसे कमी घेतो,
उरलेले इथे घेतो.

मग हिशेब.
पक्कड बरी. पेचकस दोन चांगले, बाकीचे कसेही,
त्यांनी शेवटी ग्रीसचे डबेच उघडायचे असतात.
हातोड्याचं लोखंड कुठलंही चालेल, दांडा बाभळीचा.
सॉकेट सहा कोनांचे; बारा कोनांचे देखणे,
पण गंजल्या बोल्टावर नाचतात.
रॅचेटला हात सैल सोडला, त्याचे दात तुटले
तर आपलेही जातात.
टॉर्क रेंच पुढच्या भिशीला. तोवर
शेजारच्या मन्सूरचा मागायचा आणि चहा पाजायचा.
दहाचे पाने दोन. एक हरवायला.

बुधवार होता. गंगेवर बाजार भरलेला.
कोथिंबिरीच्या गाड्यांपलीकडे गोणपाटावर
बंद पडलेल्या गॅरेजांची हत्यारं,
ऑइल वाळून काळी.
उकिडवा बसलो, चाळत राहिलो,
आणि हाताला लागला सोळा-सतराचा रिंग पाना,
त्यावर सेंटर पंचनं ठोकलेला 'न',
टिंबाटिंबांचा, शेवटचं टिंब बाहेर घसरलेलं.
ह्यानंच एकदा माझी पाठ शेकली होती.
शंभर म्हणाला. मी ऐंशी.
जास्त ओढलं नाही.

मखमलाबाद रोडला, मुलाच्या फ्लॅटमध्ये,
अण्णा गॅलरीत बसले होते.
हात आता थरथरतो. पाना धरला आणि म्हणाले,
आधी आतला पंखा बंद कर.
टिचकी.
नाद लांबला, इतका, की खाली कुत्रं भुंकायचं थांबलं
असं मला वाटलं.
"मीच विकला होता," म्हणाले, "पस्तीसला.
तुला लुटलं."
मग रिंगच्या आतून नख फिरवलं.
"अर्ध्या केसानं झिजलाय. घट्ट बोल्टाला लावू नकोस,
डोकं खाईल. नवा घेतलास ना?"

पिशवीतून राखाडी काढून दिला.
टिचकी. डोळे मिटले. माझ्या घशाला कोरड.
"बरा आहे."
वीस वर्षांत माझ्या कुठल्याच कामाला
ते इतकं बोलले नव्हते.

"दहाचे दोन घेतलेस?"
घेतले.
"एक इथे ठेव. नातवाच्या सायकलचा ब्रेक ढिला आहे."

गाळ्याचं शटर अजून उघडायचं होतं,
आणि दहाचा एक हरवला होता.